स्टायपेंडवर क्रेडिट कार्ड : सॅलरी स्लिप नसलेल्यांसाठी

मी जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पीएच.डी. करते. गाव पारोळा तालुक्यात, राहणं बांभोरीला विद्यापीठाच्या वसतिगृहात. जेआरएफचे (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे) महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा, त्याआधी ३१,००० होता. वसतिगृहात खोली असल्याने घरभाडे भत्ता नाही. जळगावात इतका पगार न देणाऱ्या कितीतरी खासगी नोकऱ्या आहेत, तरीही त्या नोकरदाराला कार्ड पटकन मिळतं आणि आम्हाला मिळत नाही. मला रिवॉर्ड पॉइंट देणारं कार्ड मिळायला मे २०२४ ते मे २०२५ असं वर्ष लागलं. प्रयोगशाळेतले ज्युनिअर सारखे विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

कार्ड हवं होतं याचं कारण पॉइंट नव्हते. फेलोशिपला ठरलेली तारीख नसते. दर महिन्याला हजेरीचा तपशील गाईडच्या सहीने विभागात, तिथून पुढे, मग पोर्टलवर आणि मग खात्यात असा तिचा प्रवास असतो. यातली एखादी पायरी लांबली की दोन-तीन महिन्यांची रक्कम एकदम जमा होते. मेसचं बिल मात्र पाच तारखेलाच द्यावं लागतं. २०२४ च्या फेब्रुवारीत परिषदेसाठी हैदराबादला जायचं ठरलं, तेव्हा खात्यात जेमतेम चार हजार होते. नोंदणी शुल्क आणि रेल्वेचं तिकीट मैत्रिणीने भरलं. तिनेही स्वतःच्या मेसच्या पैशांतून भरलं होतं. तेव्हाच ठरवलं की हा भार पुन्हा दुसऱ्या कुणावर टाकायचा नाही.

घरी सांगितल्यावर आबांचा पहिला प्रश्न होता, "हाई उधारीच शे ना मंग? तुले पैसा कमी पडतस का?" आमच्याकडे कर्ज म्हटलं की लोक आधी सावध होतात, आणि ते योग्यच आहे. कपाशीचं एक वर्ष वाईट गेलं की काय होतं ते मी घरातच पाहिलंय. आबांना कार्ड समजलं ते पीककर्जावरून. सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य टक्के पडतं आणि मुदत चुकली की सवलत जाते. कार्डाचंही असंच आहे, फक्त मुदत वर्षाची नाही, पन्नासेक दिवसांची, आणि चुकल्यावरचं व्याज सोसायटीच्या कितीतरी पट. हे ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मुदत कोण ध्यानात ठेवणार?" म्हटलं, मी.

अर्ज करण्याआधी मी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढला, आणि हे प्रत्येकाने करावं. हा रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्ज-परतफेडीची नोंद, ठेवणाऱ्या भारतात चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्या संकेतस्थळावर "मोफत" हा पर्याय जरा कोपऱ्यात असतो आणि महिन्याच्या वर्गणीचं बटण समोर असतं. घाई न करता शोधा, सापडतो. परतफेडीच्या नोंदींवरून काढलेला स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. माझ्या नावावर ना शैक्षणिक कर्ज, ना हप्त्यावर घेतलेला फोन, त्यामुळे स्कोअरच्या जागी "एनएच" होतं, म्हणजे इतिहासच नाही. कर्ज नसणं ही चांगलीच गोष्ट आहे असं मी मोठं होताना ऐकत आले, आणि अजूनही मानते. बँकेपुरतं बोलायचं तर अशा माणसाबद्दल तिला काहीच माहिती नसते, इतकंच.

त्याच वेळी वसतिगृहातल्या एका मित्राने आपला रिपोर्ट काढला. "आत्ता घ्या, नंतर भरा" अशा ॲपवरून त्याने दोन वेळा बूट आणि हेडफोन घेतले होते, ते त्याच्या रिपोर्टमध्ये छोटी कर्जं म्हणून दिसत होते. एक हप्ता उशिरा गेल्याची नोंदही होती. ही ॲप वापरणाऱ्यांनी आधी ते तपासावं.

मे २०२४ मध्ये एका खासगी बँकेकडे ऑनलाइन अर्ज केला. व्यवसायाच्या रकान्यात नोकरदार, स्वयंरोजगार, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त असे पर्याय होते. मी खरं तेच, विद्यार्थी, निवडलं. पुढच्या पानावर सॅलरी स्लिप किंवा फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) मागितला. दोन्ही नव्हतं, म्हणून फेलोशिपचं निवडपत्र जोडलं. आठवडाभराने एसएमएस आला : अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावं असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहे. मी ईमेल करून ते मागितलं. उत्तराला तीनेक आठवडे लागले आणि त्यात दोन ओळी होत्या : पतइतिहास नाही, उत्पन्नाचा स्वीकारार्ह पुरावा नाही. या दोन ओळींनी माझी दिशा ठरवली, म्हणून सांगते, नकार आला तर कारण लेखी मागाच.

मैत्रिणी म्हणत होत्या, लगेच दुसऱ्या बँकेत टाक. मी थांबले. प्रत्येक अर्जाला बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि ती चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. थोड्या काळात चार-पाच चौकशा दिसल्या की पुढची बँक कचरते.

दरम्यान उत्पन्नाच्या पुराव्याच्या मागे लागले. शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती तेव्हाच्या, १९६१ च्या, आयकर कायद्याच्या कलम १०(१६) नुसार करमुक्त होती. आमची फेलोशिप त्यात धरतात, म्हणून टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापला जात नाही आणि फॉर्म १६ ही मिळत नाही. तरी मी ३१ जुलै २०२४ च्या आत आयटीआर-१ (आयकर विवरणपत्र) भरला. करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात फेलोशिप, आणि उत्पन्न म्हणून बचत खात्याचं व्याज. पोर्टलवर स्वतः भरला तर काही खर्च नाही, आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय होतो. शहरात एकाने पाचशे रुपये सांगितले होते, ते वाचले.

आयटीआर घेऊन जळगावात, जिथे माझी फेलोशिप जमा होते त्या बँकेत गेले. क्रेडिट कार्डाचं टेबल सांभाळणाऱ्या मॅडमनी कागद नीट वाचले आणि अडचण स्पष्ट सांगितली. "ताई, करमुक्त उत्पन्न तुमच्या आयटीआरमध्ये दिसतंय, पण आमची सिस्टिम एकूण उत्पन्नाचा आकडा उचलते. तो तुमचा हजार रुपयेसुद्धा नाही." म्हणजे वर्षाला चार लाख चव्वेचाळीस हजार मिळवणारी मुलगी त्या सिस्टिमसाठी बिनउत्पन्नाची होती. मॅडमनीच मार्ग सुचवला : एफडीवर कार्ड घ्या, सहा महिने नीट वापरा, मग या.

एफडीवरचं कार्ड म्हणजे बँकेत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर लियन लावते, म्हणजे ती मोडता येणार नाही अशी अडकवून ठेवते, आणि ठेवीच्या ठरावीक टक्क्यांइतकी मर्यादा देते. पगाराची चिठ्ठी लागत नाही, स्कोअर लागत नाही. ठेवीवर नेहमीचं व्याज मिळत राहतं. ऑगस्टमध्ये फेलोशिपचे तीन महिन्यांचे पैसे एकदम आले, त्यातून ३०,००० ची एफडी केली. मर्यादा ८० टक्के, म्हणजे २४,००० मिळाली. बँकेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण किमान ठेव आणि टक्केवारी बँकेगणिक वेगळी असते आणि बदलत राहते. विचारताना चार गोष्टी विचारा : किमान ठेव किती, मर्यादा किती टक्के, वार्षिक शुल्क किती वर्षं माफ, आणि हे कार्ड सगळ्या क्रेडिट कंपन्यांकडे कळवलं जातं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

ठेवीचं ऐकून आई काळजीत पडली. आमच्या जिल्ह्यात पतसंस्थेत ठेव अडकलेलं माणूस जवळपास प्रत्येक नातेवाइकांच्या घरात सापडतं. तिला समजावलं की ही पतसंस्था नाही. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण आहे. पण ती म्हणाली तेही बरोबरच होतं : कार्डाचं बिल थकलं तर बँक हीच ठेव मोडून घेणार. म्हणून जे पैसे अचानक लागू शकतात ते या एफडीत घालू नका. आजारपणासाठी ठेवलेले पैसे वेगळेच राहू द्या.

अर्ज शाखेतच भरला : पॅन, आधार, फोटो, विद्यापीठाचं बोनाफाईड. बोनाफाईड दोन दिवसांत मिळालं. खरी अडचण आली ती पत्त्याची. आधारवर गावचा पत्ता, मी राहते वसतिगृहात, आणि गावच्या पिनकोडवर त्या कार्डाचं कुरिअर जात नव्हतं. काही जणी अशा वेळी आधारवरचा पत्ताच बदलून घेतात. मी ते केलं नाही, कारण गावच्या पत्त्यावर घरची इतर कागदपत्रं जोडलेली आहेत. त्याची गरजही नसते. सध्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, अशी केवायसीच्या (ग्राहकाची ओळख आणि पत्ता तपासण्याच्या) नियमांत सोय आहे. टेबलावरच्या मॅडमना हे माहीत होतं, त्यांनी छापील नमुना दिला. तुम्हाला कुणी नाही म्हटलं तर शांतपणे एकदा वरिष्ठांना विचारा.

नंतर व्हिडिओ केवायसी. मूळ पॅन कार्ड हातात, कोरा पांढरा कागद आणि काळं पेन जवळ, फोनचं लोकेशन चालू. वसतिगृहाच्या वायफायवर दोनदा आवाज तुटला, तेव्हा ग्रंथालयाबाहेरच्या झाडाखाली मोबाइल डेटावर केलं, पाच मिनिटांत झालं. सकाळी दहा-साडेदहाला रांग कमी असते. माझ्या पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे आणि बँक खात्यावर नुसतं आद्याक्षर. त्यावर प्रश्न आला, पण आधार आणि पॅन जुळत असल्याने भागलं. तुमच्या तिन्ही कागदांवर तीन प्रकारची स्पेलिंग असतील तर आधी ते सरळ करून घ्या, अर्जाच्या मधोमध ते करणं फार त्रासाचं.

कार्ड सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपती बसले त्या आठवड्यात आलं. त्या दिवशी मला खरंच खूप आनंद झाला. लिफाफा स्वतःच्या नावाचा होता आणि त्यासाठी कुणाची जामीनदारी लागली नव्हती. आलेलं कार्ड तीस दिवसांत सुरू केलं नाही तर बँक ओटीपीने संमती विचारते आणि ती न दिल्यास खातं बंद करते, म्हणून ते लगेच केलं. नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार ॲपमध्ये जाऊन आपण सुरू करायचे. मी ऑनलाइन सुरू केलं, दहा हजारांची वरची मर्यादा घातली. एटीएममधून रोख काढणं शून्यावर आणलं, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर शुल्क वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बिलाची तारीख. माझं स्टेटमेंट बारा तारखेला निघायचं आणि भरायची मुदत पुढे वीस दिवस. म्हणजे तेरा तारखेच्या खरेदीला जवळपास पन्नास दिवस मिळतात आणि अकरा तारखेच्या खरेदीला एकवीस. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे, तो मागून घ्यावा. पण आमच्यासारख्यांना तेवढ्याने पुरत नाही, कारण पैसे येण्याची तारीखच पक्की नसते. मी वेगळी पद्धत लावली. दुसरं बचत खातं फक्त बिलासाठी ठेवलं. कार्डावर ६०० रुपये खर्च केले की त्याच संध्याकाळी ६०० त्या खात्यात टाकायचे. पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट त्या खात्यावर. फेलोशिप थांबलेली असेल त्या महिन्यांत मी कार्ड फक्त मेस आणि तिकिटांपुरतं वापरते, आणि तेही पुढच्या दोन महिन्यांचं बिल भरता येईल इतके पैसे त्या खात्यात असतील तरच. हे न करता "स्टायपेंड आल्यावर भरू" म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते.

का, ते आकड्यांत सांगते. समजा बिल ८,००० चं आहे आणि "किमान रक्कम" म्हणून पाच टक्के, ४०० रुपये भरले. उरलेल्या ७,६०० वर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी २६६ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१४ च्या आसपास. वरून व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात आणि नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात. त्याच ८,००० वर माझ्या पहिल्या कार्डाने दिलेले पॉइंट ८०, चार पॉइंटचा रुपया, म्हणजे २० रुपये. पॉइंटांच्या जाहिराती बघताना हे दोन आकडे शेजारी ठेवा. मुदत एखाद्या दिवसाने हुकलीच तर घाबरू नका, तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच विलंब शुल्क आकारता येतं आणि थकबाकी म्हणून कळवता येतं. पण ती तीन दिवसांची सोय अडचणीसाठी आहे, दरमहा वापरण्यासाठी नाही.

एक अपेक्षा मात्र कार्डाने पूर्ण होत नाही. विज्ञान शाखेला आम्हाला पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० रुपये कंटिन्जन्सी असते. रसायनं, झेरॉक्स, प्रवास यांची बिलं आधी आपण भरायची आणि नंतर मागायची. ती परत यायला पन्नास दिवसांहून कितीतरी जास्त लागतात. तो खर्च कार्डावर टाकला तरी बिल स्वतःच्या खिशातूनच भरावं लागेल हे धरून चाला. आणि परदेशी जर्नलचं किंवा परिषदेचं शुल्क डॉलरमध्ये भरायचं असेल तर बहुतेक साध्या कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप (चलन बदलण्याचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लागतो, तोही हिशेबात घ्या.

सप्टेंबर ते मार्च मी मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे सात हजारांच्या खाली राहिले. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी पंधरा दिवसांनी माहिती कळवायची असल्याने रिपोर्टमध्ये बदल लवकर दिसायला लागले. मार्चमध्ये पाहिलं तर "एनएच"च्या जागी ७४० च्या आसपासचा स्कोअर होता.

एप्रिल २०२५ मध्ये त्याच शाखेत, त्याच मॅडमकडे गेले. या वेळी ऑनलाइन अर्ज न करता कागदी अर्ज, सोबत फेलोशिपचं निवडपत्र, बोनाफाईड, खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट (फेलोशिपच्या नोंदी हायलाइट करून), आयटीआर आणि क्रेडिट रिपोर्ट. स्टेटमेंट सहा महिन्यांचं मागतात, पण आमची रक्कम तुटक येते. सहा महिन्यांत कधी दोनच नोंदी दिसतात, वर्षभराचं दिलं की सरासरी नीट कळते. मॅडमनी वरती टिपण पाठवलं, एकदा फोन आला, फेलोशिप किती वर्षांची आहे ते विचारलं. मे महिन्यात, जळगाव तापलेलं असताना, कार्ड आलं : रुपे, मर्यादा ४०,०००, वार्षिक शुल्क ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये, वर्षात पन्नास हजार खर्च झाला तर माफ.

व्हिसा-मास्टरकार्डसारखंच भारतीय नेटवर्क असलेलं रुपे मुद्दाम मागितलं. बांभोरी, पारोळा, अमळनेर या भागात स्वाइप मशीन मोजक्याच दुकानांत, पण क्यूआर कोड भाजीच्या गाडीवरही आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि दोन हजारांपर्यंतच्या व्यवहाराला छोट्या दुकानदाराला शुल्क पडत नाही. अट एकच, क्यूआर दुकानाचा असावा. किराणावाल्याने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर कार्डाने पैसे जात नाहीत, मैत्रिणीलाही पाठवता येत नाहीत. आमच्या मेसवाल्या काकांचा असाच वैयक्तिक होता. त्यांना बँकेच्या ॲपवरून दुकानाचा क्यूआर काढून दिला, आता मेसचं बिल कार्डाने जातं.

यूपीआय खरेदीवर या कार्डाला शंभराला दोन पॉइंट, पुन्हा चार पॉइंटचा रुपया. महिन्याला ९,००० खर्चले तर १८० पॉइंट, ४५ रुपये, वर्षाला ५४०. खर्च पन्नास हजारांच्या खाली राहिला आणि शुल्क माफ झालं नाही, तर पॉइंटांचे पैसे शुल्कातच जातील, म्हणून मी खर्चाचा आकडा ॲपमध्ये बघत असते, पण माफीसाठी म्हणून एकही वस्तू जास्तीची घेत नाही. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं यावर पॉइंट नाहीत. पॉइंटांना मुदत असते, ती अटींच्या पत्रकात लिहिलेली असते.

पहिलं कार्ड मी अजून बंद केलेलं नाही, कारण माझ्या इतिहासातलं ते सगळ्यात जुनं खातं आहे आणि त्याचं शुल्क माफ आहे. तुम्हाला एफडी सोडवायची असेल तर आधी पॉइंट वापरून घ्या, सगळं बिल भरा, मग कार्ड बंद करण्याचा अर्ज ईमेलने द्या म्हणजे तारीख राहते. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. त्यानंतर लियन काढल्याची नोंद नेटबँकिंगमध्ये दिसते का ते बघा आणि मगच एफडी मोडायला द्या.